बाहेर ऐकू गेलेला प्रश्न

माझा आवाज मोठा आहे हे मला जन्मभर ठाऊक आहे, चर्चच्या गायनात मला मुद्दाम मागच्या रांगेत उभं करतात, पण त्या आवाजाची लाज वाटली ती गुरुवारी, दुपारी पावणेपाचला. तीही लगेच नाही. आधी काही क्षण मला वाटलं, नेहमीसारखंच काहीतरी विचारलं आपण. आमच्या औषधाच्या दुकानाला ड्राइव्ह-थ्रू आहे, लोक गाडीतून उतरतसुद्धा नाहीत. खिडकीची काच जाड, म्हणून मी आतून मायक्रोफोनमध्ये बोलायचं आणि बाहेर भोंग्यातून ते गाडीवाल्याला ऐकू जायचं. आमच्या लबक शहरात बारा महिने वारा, त्यात निम्मी गिऱ्हाइकं म्हातारी, कापसाच्या गिरण्यांत कान घालवून बसलेली. तेव्हा भोंगा आम्ही शेवटपर्यंत वाढवून ठेवलेला. त्या भोंग्यातून मी केलिन डॉब्सला विचारलं, "केलिन, पोरी, या गोळ्या तू गर्भ पाडायला घेते आहेस का? मला विचारावं लागतं." तिच्यामागे चार गाड्या होत्या. लगेच मागची निळी गाडी आमच्याच चर्चमधल्या नोरीन हॅगार्डची. नोरीनने काच खाली घेतलेली, हात बाहेर, बोटांत उन्हात चमकणाऱ्या अंगठ्या. ते सगळं मला दिसत होतं आणि तरी मी विचारलं.

केलिनचं उत्तर मात्र बाहेर कुणालाच ऐकू गेलं नाही. यंत्राची रचनाच तशी. गिऱ्हाइकाचा आवाज आत येतो, माझ्या कोपरापाशी एक छोटी पेटी आहे तिच्यातून, तो फक्त मला आणि गोळ्या मोजणाऱ्या मॅक्सीनला ऐकू येतो. ती म्हणाली, "मिस ग्लेंडा, बाळाचं हृदय थांबलंय. दोन आठवडे झाले. पण ते बाहेर पडत नाहीये." एवढंच. रडली नाही. पर्समधून दवाखान्याचा कागद काढला, उलगडला आणि काचेला लावून धरला, तळहाताने सपाट करून. मी तो वाचला नाही. चष्मा माझ्या गळ्यातच लोंबत होता, वर करून डोळ्यांवर ठेवायचा की झालं, नाही केलं. म्हटलं, "डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मला देता येणार नाही." त्यांच्या दवाखान्याचा फोन लावला, तिकडे नुसतं संगीत वाजत राहिलं. म्हटलं, "उद्या तुझे डॉक्टर नसतात, सोमवारी बघू." हे सगळं भोंग्यातून. ती काचेवरचा कागद काढेना. मग मी म्हणाले, "पुढे घे गाडी, मागच्यांना वाट दे." देवा! मागच्यांना वाट दे म्हणाले मी तिला.

पुढे नोरीन आली. तिची रक्तदाबाची गोळी मी ड्रॉवरमध्ये सरकवली. तिने काचेपलीकडून शाबास म्हणून अंगठा वर केला, आणि मी हसले. का हसले कोण जाणे. गिऱ्हाइकाकडे बघून हसायची तीस वर्षांची सवय. मॅक्सीन पाठीमागून म्हणाली, "मी असते तर दिल्या असत्या. पण लायसन्स तुझं आहे बाई." मॅक्सीन चर्चमध्ये जात नाही, दोन नवऱ्यांना सोडून आलेली आहे, तिला असं बोलायला काय जातं. मी म्हटलं, "गर्भ पाडायला हातभार लावला तर नव्व्याण्णव वर्षं तुरुंगात घालतात इथे, माहिती आहे ना?" ती म्हणाली, "मेलेल्या बाळासाठी नाही घालत." आणि ते खरं होतं. कायद्यात साफ लिहिलंय की पोटात मेलेलं मूल काढणं गुन्हा नाही. आमच्या सगळ्यांच्या हातात कागद दिले होते, मी त्या ओळीखाली पिवळी रेघसुद्धा मारली होती. म्हणजे अज्ञानाची सबब नाही. मग भीती कसली होती? मी स्वतःलाच विचारत राहिले, गोळ्यांची चार खणांची पुडी हातात धरून. याच गोळ्या मी पोटात व्रण झालेल्या म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षं देत आलेय, मूठमूठ दिल्यात. एकालाही विचारलं नाही की बाबा, कशाला हव्यात.

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी पडद्यावर उमटली, गोळीचं नाव वाचलं, खाली केलिनचं नाव, आणि माझ्या मनात पहिला विचार आला: सापडली. हा शब्द माझ्या मनात आला, त्याला मी काय करू? केलिनला मी ती सात वर्षांची असल्यापासून ओळखते. रविवारच्या मुलांच्या वर्गात ती माझ्याकडे होती, पुढचे दोन दात पडलेले, बायबलमधली वचनं फुसफुसत म्हणायची. आता त्याच वर्गाला ती शिकवते. गेल्या महिन्यात तिला दिवस गेल्याचं कळलं तेही प्रार्थनेच्या साखळीतून. आमच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये कुणाकडे काही घडलं की एकीने दुसरीला कळवायचं, दुसरीने तिसरीला, आणि सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. पूर्वी हे फोनवर चालायचं, आता मोबाइलवर गट आहे. कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी, कुणाचा दारुडा जावई, सगळं देवाच्या कानावर घालायच्या निमित्ताने आधी आमच्या कानावर पडतं. मी स्वतः केलिनसाठी लिहिलं होतं: 'आपली पोर आई होणार, देवाची कृपा.' म्हणून तर गोळी बघितल्या बघितल्या मला वाटलं की ही देवाची कृपा टाकून द्यायला निघालीय. मुलं व्हायच्याच वयातली, नवरा चांगला, घर चांगलं, आणि तरी माझ्या मनात तोच शब्द. माणूस इतकी वर्षं एका बाजूला उभं राहिलं की त्याला दुसरीकडचं काही दिसेनासं होतं. जानेवारीत आमच्या चर्चच्या हिरवळीवर छोटे पांढरे क्रूस रोवतात, न जन्मलेल्या मुलांसाठी, शेकड्यांनी. त्यांना रंग मी देते, गॅरेजमध्ये, गेली एकोणीस वर्षं. गर्भपाताचा हक्क देणारा सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल फिरवल्याची बातमी आली त्या दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात केक कापला, माझ्या हाताने कापला. मला आनंद झाला होता. तो खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. लहान जीव वाचावेत असं वाटणं यात वाईट काय आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण केलिनच्या पोटात वाचवायला कुणी उरलंच नव्हतं, आणि हे तिने मला सांगितलं होतं. माझ्या कोपरापाशी येऊन सांगितलं होतं.

संध्याकाळी जेवायला बसले तोवर मोबाइलवर नोरीनचा निरोप आला. 'एका तरुण बहिणीसाठी प्रार्थना करा. नाव घेत नाही. मोठ्या मोहात सापडली आहे. आणि आपल्या ग्लेंडासाठी देवाचे आभार माना, आज ती आपल्या जागी ठाम उभी राहिली.' खाली जोडलेल्या हातांची चित्रं, तीस-पस्तीस. थोड्या वेळाने आणखी एक निरोप: 'मुलांच्या वर्गाला काही दिवस दुसरी बाई बघावी लागेल असं वाटतं.' नाव घेत नाही म्हणे! गावातल्या कुत्र्यालासुद्धा कळलं असतं. मी लिहायला घेतलं. 'नोरीन, तू अर्धंच ऐकलंस.' खोडलं. 'नोरीन, तसं नव्हतं.' खोडलं. दर खेपेला वाटायचं, पुढच्या वाक्यात मला सांगावं लागणार की उत्तर मला मिळालं होतं आणि तरी मी तिला परत पाठवलं. ताटातल्या चिकनवर पांढरी चरबी थिजली. रॉयस असता, माझा नवरा, तर म्हणाला असता, "ग्लेंडा, तुला काय बोलायचंय ते बोलून टाक, नाहीतर झोप." तीन वर्षं झाली त्याला जाऊन, आणि न बोलून झोपायची कला मला एकटीला अजून जमलेली नाही.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मॅक्सीनला मायक्रोफोनपाशी बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन नोरीनची गाडी जिथे उभी होती तिथे, दुसऱ्या गाडीच्या जागी, उभी राहिले. मॅक्सीनने काचेतून हात हलवला, काय बोलू म्हणून. मी ओरडले, "काहीही बोल!" तिने घसा साफ केला आणि म्हणाली, "दोन चीजबर्गर, एकात कांदा नको, आणि मोठा आइस्ड टी." रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याने मान वर करून बघितलं. कांदा नको हेसुद्धा स्पष्ट. म्हणजे नोरीनने सगळं ऐकलं होतं, तिच्या मागच्यानेही, त्याच्या मागच्यानेही. वारा सुटला होता, डोळ्यांत माती जात होती, आणि मी तिथे हाताची घडी घालून उभी. मला आठवलं, एकोणनव्वद साली याच शहरातल्या दवाखान्यात मी पलंगावर पडले होते, अकरावा आठवडा, चादर रक्ताने ओली, मूल गेलेलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आत नेलं, सगळं साफ केलं, आणि एका नर्सने माझे केस विंचरून दिले. लांब होते तेव्हा. तिने मला एक शब्द विचारला नाही. विचारलं ते फक्त, भांग डावीकडे पाडतेस का? मी त्या बाईचं नावही विचारलं नाही, आणि नंतर पुन्हा कधी त्या दिवसाचा विचार केला नाही, कारण पुढच्या वर्षी लॅनी झाली. त्या दिवशी जर कुणी मला लोकांसमोर विचारलं असतं, तर मी काय केलं असतं? मी मेले असते. अगदी खरं सांगते, लाजेने मेले असते.

आत आले आणि डॉक्टरांच्या दवाखान्याला पुन्हा फोन लावला. चार मिनिटांत नर्स फोनवर आली. डॉक्टर नव्हते, पण ती होती. काल मी आणखी चार मिनिटं थांबले असते तरी ती आली असती. ती म्हणाली, "हो हो, डॉब्स. दोन वेळा सोनोग्राफी केली, हृदय बंद. कागद दिला होता की तिच्याजवळ." मी म्हटलं, "हो, दाखवला तिने." नर्स हळूच म्हणाली, "मग?" मी फोन ठेवला, पुडी भरली, चिकटपट्टी लावली आणि केलिनचा नंबर फिरवला. फोन तिच्या नवऱ्याने, ट्रेव्हरने, उचलला. गाडीचा आवाज येत होता.

"ट्रेव्हर, मी ग्लेंडा, दुकानातून. गोळ्या तयार आहेत रे. कधीही या. आत या, ड्राइव्ह-थ्रूला नका येऊ."

"आम्ही क्लोव्हिसच्या रस्त्याला आहोत," तो म्हणाला. क्लोव्हिस म्हणजे राज्याच्या हद्दीपलीकडे, न्यू मेक्सिकोत, दीडेक तासावर. तिकडे असा कायदा नाही, कुणी काही विचारत नाही.

"मग फिरा ना मागे. मी स्वतः—"

"मिस ग्लेंडा," तो म्हणाला. फार नम्र मुलगा, कधी आवाज चढवणार नाही. "ती मागच्या सीटवर आडवी आहे. पहाटेपासून सुरू झालंय. टॉवेल संपले आमच्याकडचे. मी आता गाडी चालवू का?"

मी म्हटलं, "चालव, बाळा, चालव."

दिवसभर मी गोळ्या दिल्या. साखरेच्या, थायरॉइडच्या, झोपेच्या. हात चालत होते. दुपारी ट्रेव्हरच्या आईला फोन केला, तिने एवढंच सांगितलं की तिथल्या दवाखान्यात नेलं, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, जीव वाचला. "देवाची कृपा," मी म्हणाले. तिने विचारलं, "ग्लेंडा, लोक काय काय बोलतायत ते तू वाचलंस?" मी म्हटलं, वाचलं. "तिने काही केलेलं नाही गं. तुला तर माहिती आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. मी म्हटलं, "रविवारी मी बोलते. सगळ्यांसमोर बोलते." वचन दिलं मी तिला.

शनिवारी लॅनीचा डेन्व्हरहून फोन. माझी लेक दर शनिवारी फोन करते आणि दर शनिवारी आमचं भांडण होतं, ते ठरलेलं. मी तिला कधी नाही ते सगळं सांगितलं, नावं गाळून. ती म्हणाली, "आई, तुम्हा लोकांना वाटतं कायदा दुसऱ्या कुणासाठी केलाय. वाईट बायकांसाठी."

"तुम्हा लोकांना म्हणजे? मी तुझी आई आहे."

"म्हणून तर विचारते. ती वाईट असती, खरंच पाडायला आली असती, तर तुला आज झोप लागली असती का?"

"तो वेगळा प्रश्न आहे."

"तोच प्रश्न आहे, आई."

"तिकडे डोंगरात बसून शहाणपणा शिकवू नकोस मला," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पण तिने विचारलेलं काही जाईना. भांडी घासताना तेच, कपड्यांच्या घड्या घालताना तेच. लागली असती झोप? लागली असती. गाढ लागली असती, आणि गुरुवारी नोरीनचा अंगठा बघून मला अभिमानही वाटला असता. केलिन निर्दोष होती म्हणून माझा जीव कासावीस झाला. नसती तर टॉवेल संपले तरी मी जेवले असते. हे मला स्वतःबद्दल बासष्टाव्या वर्षी कळत होतं, आणि मला ते अजिबात नको होतं.

रविवारी मी वाक्य पाठ करून गेले. गाडीत चार वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. 'केलिनचं बाळ आधीच गेलं होतं. तिने ते मला सांगितलं होतं. मी तिला परत पाठवलं.' तीन छोटी वाक्यं, सातवीतल्या पोरालाही म्हणता येतील. चर्चमध्ये शिरले तर केलिन आलेली होती. एवढं रक्त गेलेलं, तरी आली, कारण आली नसती तर सगळ्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला असता. चौथ्या रांगेत, ट्रेव्हरच्या खांद्याला टेकून, चेहरा कागदासारखा. त्या दोघांच्या दोन्ही बाजूंना बाकावर जागा मोकळी होती. माझ्याकडे मात्र लोक येत होते, खांद्यावर हात ठेवत होते. नोरीन माझ्या शेजारी येऊन बसली, सेंटचा वास, म्हणाली, "किती धीराचं काम केलंस गं." ब्रदर कर्टिस, आमचे पाद्री, चांगला माणूस आहे, पस्तिशीचा, तीन मुलींचा बाप, त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की या आठवड्यात आपल्यातली एकजण कामाच्या ठिकाणी श्रद्धेला जागली. नाव नाही घेतलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मग विनंत्यांची वेळ आली. ज्याला जशी प्रार्थना हवी त्याने उठून सांगायचं. म्हाताऱ्या एल्बर्टने मोतीबिंदूसाठी मागितली. एकीने नातवासाठी, तो सैन्यात आहे. मागून कुणीतरी बाई उठली आणि म्हणाली, "न सांगितलेली." असंही चालतं आमच्यात. ज्याला दुःख उघड करायचं नसेल त्याने एवढाच शब्द म्हणायचा. कुणी खोदून विचारत नाही, देवाला ठाऊक आहे म्हणतात आणि पुढे जातात. फार दयाळू पद्धत आहे, मला नेहमी तसं वाटत आलंय. मग नोरीन उठून म्हणाली, "एका तरुण जोडप्यासाठी, देव त्यांना क्षमा करो." आणि मी बघितलं, ट्रेव्हरच्या मानेवर लाली चढली, आणि केलिनने त्याचा हात धरून ठेवला, उठू नकोस म्हणून.

मी उठले. पाय उठले, मी उठले की नाही ते माहीत नाही. पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. "हो, मिस ग्लेंडा," ब्रदर कर्टिस म्हणाले, इतक्या प्रेमाने म्हणाले. दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या तोंडावर माझ्याबद्दल माया होती. ट्रेव्हरची आई पलीकडून बघत होती. केलिननेही मान वळवली. पहिलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. केलिनचं बाळ. तिथपर्यंत आलं. मला वाटलं, हे बोलले की ही सगळी तोंडं बदलतील, पुढच्या रविवारी माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहील, आणि घरी रॉयसही नाही. एवढाच विचार केला मी. एवढाच.

"न सांगितलेली," मी म्हणाले आणि बसले.

"देवाला ठाऊक आहे," ब्रदर कर्टिस म्हणाले. नोरीनने माझा हात हातात घेतला आणि थोपटला. केलिन अजून माझ्याकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिने ट्रेव्हरच्या खांद्यावर भार देऊन स्वतःला उभं केलं. "माझं बाळ पोटातच गेलं," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण कुणी हलत नव्हतं, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "दोन आठवड्यांपूर्वी. मुलगी होती का मुलगा ते कळलं नाही. आम्हाला ते हवं होतं. त्याच्यासाठी प्रार्थना करा." आणि बसली. माझं नाव तिने घेतलं नाही. दुकानाचं घेतलं नाही, नोरीनचं घेतलं नाही. कुठेतरी एक बाई रडायला लागली, मग आणखी एक, आणि त्या दोघांच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे दोघी-तिघी उठून गेल्या.

नोरीनचा हात माझ्या हातावर तसाच होता, पण थोपटणं थांबलं होतं. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. तीही काही दुष्ट बाई नाही. "ग्लेंडा," ती कुजबुजली, "तुला हे माहिती होतं?"

मी समोर बघत राहिले. "पेशंटबद्दल बाहेर काही बोलायची आम्हाला परवानगी नसते," मी हळू आवाजात म्हटलं. आणि तसा नियम आहेच.